कोरी जाळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे ढीगभर आहेत — कुठल्या संसारात नसतात? — पण त्या सांगण्यासारख्या नव्हत्या म्हणून राहिल्या. ही सांगण्यासारखी होती. एका माणसाला तर सांगायलाच हवी होती. ते माणूस आता नाही.

म्हणजे — थांबा. असं मधूनच सुरू करून तुम्हाला काही कळायचं नाही. आधी पार्टीचं सांगते. मला तरी त्यातलं सगळं कुठं कळलंय?

शाहूपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कुलपं, कड्या, नळाचे सुटे भाग, तारेच्या जाळ्या. मीच बघते ते. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम. कडी गंजणारी असेल तर मीच सांगते, ही नको, ती न्या. यात मोठेपणा काही नाही. खोटं सांगितलं की माणूस दुसऱ्या दिवशी तीच कडी घेऊन परत येतं आणि तासभर डोकं खातं. सोय म्हणून खरं बोलणारी बाई मी. हे आधी का सांगतेय? तुम्हाला माझ्याबद्दल बरं वाटावं म्हणून? नसावं. पण असेलही.

राहायला आम्ही कळंब्याच्या बाजूला. घरामागं बरीच मोकळी जागा आहे, आंब्याचं झाड आहे, आणि कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं मगदूम. ते जैन, आम्ही मराठे. सुरेखा मगदूम माझ्यापेक्षा लहान, मला वहिनी म्हणते. तिच्या सासूबाईंना सगळी कॉलनी अक्का म्हणायची. अक्का कडक. सूर्य मावळला की तोंडात घास नाही. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. पाणीसुद्धा गाळून. आणि दुसऱ्याच्या चुलीवरचं काही नाही — आमच्या तर नाहीच, कारण आमच्या घरात दर रविवारी मटण शिजतं.

त्या भिंतीवरून त्यांच्याकडून आमच्याकडं खीर यायची, चटण्या यायच्या, लग्नाकार्यातले लाडू यायचे. आमच्याकडून तिकडं जायचं ते नारळ, कैऱ्या, कढीपत्ता. कच्चं. शिजवलेलं नाही. हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ते तसं होतं.

तर आमची ऋतुजा पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्यांदा सुट्टीला आली, तेव्हा तिनं काढलं की मागच्या अंगणात बार्बेक्यू करूया. तिच्या मैत्रिणी, यांचे मित्र, कॉलनीतली चार घरं. हे हसायला लागले. म्हणाले, "पावण्यांना घरी बोलवायचं आन् त्यांच्याच हातात चिमटा द्यायचा, भाजा आन् खावा म्हणायचं? ही कुठली रीत?"

"पप्पा, तशीच मजा असते."

"मजा न्हवं ती, मजुरी हाय."

पण मला ते आवडलं. भांडी कमी, धावपळ कमी, पंगत वाढत बसायची नाही. मी कामाला लागले. ओळखीच्या वेल्डरकडून एक लोखंडी पिंप उभं कापून घेतलं, दोन अर्धी झाली, दोन्हींना पाय लावले. एका पिंपाच्या दोन शेगड्या. दुकानातल्या एकाच गुंडाळीतून स्टीलच्या जाळीचे दोन सारखे तुकडे कापून आणले. मटण कुणाकडून घ्यायचं, किती घ्यायचं, कांदा-लसणाच्या चटणीत किती वेळ मुरवायचं, कोळसा कुठला, खुर्च्या कुणाच्या — सगळं लावून टाकलं. अशी कामं मला जमतात.

आणि मग मीच म्हटलं, मगदुमांनाही बोलवूया. सगळ्यांना. अक्कांनासुद्धा.

सुरेखा गडबडली. म्हणाली, "वहिनी, आम्ही तिघं येऊ की. अक्कांचं काय जमायचं न्हाई." मी म्हटलं, का नाही जमायचं? दोन शेगड्या आहेत. एक तुमची. तुमच्या शेगडीवर फक्त मक्याची कणसं, ढबू मिरची, अननस. मीठ तुमचं, तूप तुमचं, चिमटा तुमच्या घरातला. ती दुपार उतरताना पेटवू, दिवस मावळायच्या आत तुमचं उरकेल, मग अंधार पडल्यावर लांबच्या कोपऱ्यात आमची पेटेल. जाळी कोरी. कशाला शिवलेली नाही.

सुरेखानं आत जाऊन सांगितलं. अक्का बाहेर आल्या, भिंतीवर हात टेकवून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शैला, एवढं करालीस तर यीन की गं मी."

मला काय आनंद झाला! खोटं नाही. दुकानात एखादा मोठा ठेका मिळावा तसं वाटलं.

आता इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता जे सांगायचं, तिथं माझं मन फाटे फोडायला लागतं.

आदल्या दिवशी मी दुकानात होते. घरी येऊन बघते तर यांनी आणि यांच्या एका मित्रानं शेगडीची 'ट्रायल' घेतलेली. कोंबडी भाजून खाल्ली होती. मी म्हटलं, कुठली शेगडी पेटवली? म्हणाले, कोपऱ्यातली, आपलीच, ती दुसरी न्हाई शिवली. ते खरंच होतं. शेगडी शिवली नव्हती. पण सकाळी — पार्टीच्या दिवशी सकाळी — मी मगदुमांच्या शेगडीवरची जाळी उचलली, तर तारांच्या सांध्यात काळं काहीतरी चिकटलेलं. नखानं खरवडलं. वास घेतला.

एक जाळी पुरली नाही म्हणून त्यांनी दुसरीही घेतली होती, आणि झाल्यावर परत जागेवर ठेवून दिली होती. त्यांच्या हिशोबी जाळी ती जाळी. दोन्ही सारख्याच तर दिसत होत्या.

रविवार होता. दुकान बंद. पण किल्ली माझ्या पर्समध्ये, गाडी दारात, आणि जाळीची अख्खी गुंडाळी दुकानात उभी. तुकडा कापायचा आणि यायचं. सकाळची वेळ, रस्ते मोकळे. घरात कांदे चिरून व्हायच्या आत मी परत आले असते.

मी गेले नाही.

मी ती जाळी घेऊन पाण्याच्या टाकीमागं बसले आणि तारेच्या ब्रशनं घासली. राखेनं घासली, साबणानं घासली. मग गॅसवर धरून तापवली, लाल होईपर्यंत. पुन्हा राखेनं घासून, पुसून परत जागेवर ठेवली. नव्यासारखी दिसत होती. दुकानात मांडली असती तर कुणी ओळखली नसती.

का गेले नाही? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. घाई होती म्हणून? पण घासायला त्याहून जास्त वेळ गेला. हे चिडले असते, ओरडाओरडा झाला असता म्हणून? यांना सांगायची गरजच नव्हती. विस्तवात सगळं जळून शुद्ध होतं, असं मला वाटलं? वाटलं, पण तो माझा हिशोब झाला. त्यांचा नव्हे. आणि मला ते माहीत होतं.

मग एक दुसरी गोष्ट आठवते. ऋतुजा लहान असताना एका होळीला मी मगदुमांकडं पुरणपोळ्या घेऊन गेले होते. नवीन शेजार, मला काही ठाऊक नव्हतं. अक्कांनी ताट हातात घेतलं, छान बोलल्या, बस म्हणाल्या. संध्याकाळी मी मागच्या अंगणात धुणं काढत होते, तर सुरेखा त्याच पोळ्या गाईला घालत होती. तिनं मला बघितलं नाही. समजून घेतलं. तवा तोच, हात तोच, त्यांचं बरोबर आहे — असं मनाशी म्हटलं आणि धुणं घड्या घालून ठेवलं.

टाकीमागं जाळी घासताना त्या पोळ्या माझ्या मनात होत्या का? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. होत्या असं म्हटलं तर मी दुष्ट ठरते, नव्हत्या म्हटलं तर नुसती आळशी. आणि दोन्हींतलं काहीच मला पूर्ण पटत नाही. आता तुम्हीच — नको, तुम्ही काही सांगू नका.

दुपार उतरल्यावर मगदूम मंडळी आली. सुरेखानं तुपाची वाटी, मीठ, चिमटा सगळं आणलं होतं. अक्का इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात. मी त्यांना खुर्ची दिली, शेगडीजवळ, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. कोळसे फुललेले होते. सुरेखा कणसं जाळीवर ठेवणार, तेवढ्यात अक्कांनी हात वर केला.

"शैला, जाळी कोरी हाय न्हवं?"

संशय नव्हता त्या विचारण्यात. आपण भाजीवाल्याला विचारतो ना, ताजी आहे ना, तसं. विचारायचं म्हणून. सगळ्या कॉलनीसमोर मी उभी होते, हातात पंखा.

"कोरी की, अक्का. दुकानातनं आणलीया."

दुकानातून आणलेली होतीच. ही माझी हुशारी.

अक्कांनी दोन कणसं खाल्ली. दात थोडेच, पण एकेक दाणा काढून, तूप-मीठ लावून, अगदी लहान मुलीसारखी खाल्ली. माहेरच्या मळ्यात शेकोटीवर कणसं भाजायच्या ते सांगायला लागल्या. मग हात धुवून मला म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात खाल्लं बघ. दुसऱ्याचं न्हवंच म्हणा." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुपाचा वास येत होता त्या हाताला.

यांनी लांबून बघितलं आणि मित्राला म्हणाले, "बघ, आमच्या बायकूनं अक्कांना बी बाटवलं!" सगळे हसले. अक्कापण हसल्या. मीही हसले.

आणि आता विचित्र काय ते ऐका. मला वाईट वाटलं नाही. त्या संध्याकाळी तरी नाही. मी खूश होते! मनापासून खूश. मगदूम गेल्यावर आमची शेगडी पेटली, मटण झकास झालं, सगळी पोरं नाचली. मी जेवले, झोपले. इतक्या मोठ्या खोट्यानंतर माणसाला झोप लागते?

लागते.

त्यानंतर अक्का बदलल्या. म्हणजे माझ्यापुरत्या बदलल्या. कॉलनीत सांगायला लागल्या, शैलाच्या दारात चालतं, शैला करते त्यात डोळं झाकून खावं. एकदा तर बस्तीत — म्हणजे त्यांच्या देवळात — कुणाशी तरी बोलताना माझं नाव घेतलं, असं सुरेखा सांगत आली. मी त्यांच्यासाठी वेगळा तवा घेतला, वेगळी दोन पातेली, वेगळं गाळणं. वरच्या फळीवर ठेवली, मटणाच्या भांड्यांपासून लांब. त्यांच्यासाठी भाकरी करायची तर आधी आंघोळ करायची. दिवस मावळायच्या आत भिंतीवरून ताट द्यायचे. त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. एकदाही! जणू काही तेवढ्यानं —

तेवढ्यानं काय? माहीत नाही.

मग दरवर्षी तो दिवस यायचा. जैनांचं पर्युषण संपलं की ते घरोघर जाऊन क्षमा मागतात. ओळखीच्यांची, शेजाऱ्यांची, धाकट्यांचीही. अक्का सकाळीच यायच्या. आमच्या दारात उभ्या राहून, त्यांच्या मुलीच्या वयाच्या माझ्यासमोर हात जोडायच्या. "जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा कर, शैला. उत्तम क्षमा."

आणि मीही हात जोडायचे. म्हणायचे, "मलापण क्षमा करा, अक्का." 

हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं जाळी असायची. दरवर्षी. मनात यायचं, आत्ता सांगावं. आजचा दिवसच त्यासाठी आहे, त्या रागावणारसुद्धा नाहीत. मग वाटायचं, मागितली की क्षमा! 'जाणता' म्हटलं त्यात आलंच की सगळं. आलं का? कशाची क्षमा हे सांगितलंच नाही, तर ती मागितली असं होतं का? मी चहा विचारायचे, त्या नको म्हणायच्या, पाणी प्यायच्या — आमच्या घरचं, गाळलेलं — आणि पुढच्या घरी जायच्या.

इथंपर्यंतच असतं, तर मी कदाचित हे सांगितलंही नसतं. एक जाळी, एक थाप. लोक याहून मोठ्या गोष्टी पचवतात.

पण अक्का आजारी पडल्या. वय झालं होतं, अन्न जाईना. दवाखान्यातून घरी आणलं आणि मग त्या म्हणाल्या, आता पुरे. बस्तीत एक माताजी उतरल्या होत्या, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वी. त्या घरी येणार होत्या. त्यांच्यासमोर अक्कांना आलोचना करायची होती. आयुष्यात नियम जिथं जिथं मोडला ते सगळं बोलून टाकायचं, आणि त्या सांगतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. सुरेखानं मला समजावून सांगितलं. प्रायश्चित्त म्हणजे काय, तर एखादी जपमाळ ओढायची, एखादा पदार्थ सोडायचा. त्यांच्या तब्येतीला झेपेल एवढंच.

माताजी यायच्या आधी मी बसले होते अक्कांच्या उशाशी. दुपारची वेळ. सुरेखा कपड्यांच्या घड्या घालत होती. अक्का बोटांवर मोजत पुटपुटत होत्या. लहानपणी भावाबरोबर चोरून भाजलेला बटाटा. गरोदरपणी दिवस मावळल्यावर प्यालेलं दूध. एका लग्नात न गाळता घेतलेलं पाणी. तेवढंच! एवढ्या लांबलचक आयुष्यात तेवढंच सापडत होतं त्यांना. मला हसू येत होतं आणि रडूही.

मग चौथं बोट अर्धवट दुमडून त्यांनी मान वळवली.

"शैला, तुझ्या दारात खाल्लेलं त्यात धरायचं न्हाई न्हवं?"

बघा, पहिल्या वेळेसारखं नव्हतं हे. त्या वेळी विचारायचं म्हणून विचारलं होतं. या वेळी त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. त्यांना कुणकुण होती? कुणी काही बोललं होतं? यांचा तो मित्र? की नुसती म्हातारपणाची खातरजमा? नजर अगदी स्वच्छ होती. मी 'धरा' एवढं म्हटलं असतं, तर त्यांनी का म्हणूनही विचारलं नसतं. ते चौथं बोट पुरतं दुमडलं असतं आणि झालं असतं. एक जपमाळ जास्त. मला दोन शब्द बोलल्या असत्या, कदाचित तेही नाही.

सुरेखा घडी हातात धरून माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "न्हाई अक्का. ते कशाला धरताय?"

त्यांनी बोट सरळ केलं. डोळे मिटले. म्हणाल्या, "झालं मग."

हे आहे ते. जाळी नव्हे. जाळीचं मी कसंही फिरवून सांगू शकते, घाई होती, विस्तव होता, पुरणपोळ्या होत्या. पण त्या दुपारी काय होतं? घाई नव्हती. लोक नव्हते. पार्टी नव्हती. एक म्हातारी जाताना आपला पदर झटकत होती आणि मी त्यात एक खडा मुद्दाम राहू दिला. कशासाठी? त्यांच्या लेखी मी चांगली राहावी म्हणून? त्या तर चालल्याच होत्या! सुरेखासाठी? की शेवटच्या क्षणी त्यांना त्रास नको — हो, हेही मी स्वतःला सांगून बघितलंय. ते खोटं आहे. त्रास त्यांना झाला नसता. मला झाला असता.

मी स्वतः यातलं काही मानत नाही. मेल्यावर हिशोब होतो, चिकटलेलं कर्म बरोबर जातं, असलं काही मला पटत नाही. मग त्यांचं नुकसान झालं की नाही झालं? मी मानत नाही म्हणून नाही झालं? पण त्या मानत होत्या. आणि विचारलं त्यांनी होतं, मी नव्हे. इथं आले की माझं डोकं चालत नाही. दुकानात उभी असते, गिऱ्हाईक बोलत असतं आणि मी त्या बोटाकडं बघत असते.

माताजी आल्या, आलोचना झाली. पुढं थोड्याच दिवसांत अक्का गेल्या. शांत गेल्या. त्यांना पोचवायला सगळी कॉलनी होती.

आता सुरेखा आमच्याकडं येते, कधी दुपारी एकटी असली की. वरच्या फळीवरची भांडी मी अजून काढलेली नाहीत, तिच्यासाठी त्यातच करते. अक्का खायच्या म्हटल्यावर मला काय, म्हणते. परवा जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "वहिनी, एक बरं झालं बघा. अक्कांनी जाताना मनात काय ठेवलं न्हाई. सगळं बोलून मोकळ्या झाल्या."

मी म्हटलं, "व्हय की."

आणि तिच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.